रविवारी थांबणारा खोकला



वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतं. वाचन आटोपलं, सरणत्तय झालं की माझ्याभोवती दोन-चार बायका थांबतात. मी पूर्वी नर्स होते हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या सासूची शुगर, कुणाचं बीपी, कुणाच्या मुलीची पाळी, असं बोलणं चालतं. मागच्या पावसाळ्यात एक तरुण आई अशीच थांबली.

"ताई, पोराचा खोकला जाता जात नाही. दोनदा औषध झालं. पण एक सांगू का, रविवारी तो खोकत नाही."

मी विचारलं, "गणपतीच्या सुट्टीत कसा होता?"

"ठणठणीत! शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी परत चालू."

त्या बाईने अर्धं निदान स्वतःच करून आणलं होतं. खोकला रविवारी थांबतो, सुट्टीत जातो आणि शाळा उघडली की येतो, म्हणजे घर बघायच्या आधी शाळा बघायला हवी. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मी शाळेत गेले. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना ती आपलीच शाळा वाटेल.

तळमजल्यावरचा वर्ग. खिडक्या दोन. एकीच्या पुढे पुस्तकांचं लोखंडी कपाट उभं, दुसरीला पाऊस आत येतो म्हणून बाहेरून पत्रा ठोकलेला. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, प्लास्टरचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यात छतापर्यंत काळे ठिपके. पन्नासच्या वर मुलं. दारातून आत पाऊल टाकलं आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट वास नाकात गेला. तो मुलगा मागच्या भिंतीला टेकून बसायचा.

बाईंना मी नम्रपणे भिंत दाखवली. त्या वाईट नव्हत्या. त्यांचाही घसा बसलेला होता. पण त्यांनी जे उत्तर दिलं, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. त्या म्हणाल्या, "वस्तीतली मुलं आहेत ना मॅडम, घरूनच आजार घेऊन येतात."

ताटलीवरचे ठिपके

मी नोकरीत असताना ऑपरेशन थिएटरमध्ये एक काम ठरलेलं असायचं. जंतूंचं खाद्य घातलेली काचेची छोटी ताटली झाकण काढून तासभर तशीच ठेवायची. नंतर ती झाकून लॅबमध्ये पाठवायची. हवेतून त्या तासात जे काही खाली बसलं असेल, ते एक-दोन दिवस उबेत वाढतं आणि ताटलीवर ठिपके दिसू लागतात. ठिपके मोजून थिएटरची हवा कशी आहे ते कळतं. ठिपके जास्त आले की धावपळ उडायची.

थिएटरमध्ये असतात किती माणसं? पाच-सहा. तीही मास्क-टोपी घालून. आणि आपल्या मुलांच्या वर्गात पन्नास जीव रोज पाच तास बसतात. तिथे अशी ताटली कुणी ठेवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

वर्गाच्या हवेत मुख्यतः दोन तऱ्हेचे जीव असतात. त्यांचा उगम वेगळा आणि इलाजही वेगळा, म्हणून नीट समजून घेऊ.

पहिले जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया. बंद खोलीत ते जास्तकरून माणसांच्याच अंगावरून, कपड्यांवरून, नाकातोंडातून येतात. मुलं उठली, पळाली, सतरंजी झटकली, कोरडा झाडू मारला की खाली बसलेले पुन्हा उडतात. यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर ते राहतात. श्रीमंताच्या मुलाच्या कातडीवरही तेच असतात. त्यांची संख्या एवढंच सांगते, की खोलीत माणसं किती आहेत आणि बाहेरची हवा किती येते.

दुसरी बुरशी. तिचे बारीक कण मुळात बाहेरून, मातीतून, पालापाचोळ्यातून येतात. थोडे कण सगळीकडेच असतात. पण खोलीत ओल मिळाली की बुरशी तिथेच संसार थाटते. ओला कागद, ओलं लाकूड, ओलं प्लास्टर दिवस-दोन दिवस तसंच राहिलं तरी तिला पुरतं. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम ही त्यातली नेहमीची नावं. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, भिंतीवरचे काळे-हिरवे ठिपके लक्षात ठेवा. दम्याच्या, अ‍ॅलर्जीच्या मुलाला हे कण चटकन बाधतात. शिंका, डोळ्यांना खाज, रात्रीचा खोकला, छातीत घरघर सुरू होते.

"मग आधी तपासणी करून घेऊ, रिपोर्ट येऊ दे," असं कुणी म्हटलं तर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. इतके कण असले तर सुरक्षित, त्यावर धोका, असा आकडा तिने ठरवून दिलेला नाही. तिचं म्हणणं सरळ आहे: ओलसर इमारतीत राहणाऱ्यांना श्वासाचे विकार आणि दमा जास्त होतो, म्हणून ओल येऊच देऊ नका आणि आलीच तर काढा. ओल डोळ्यांना दिसते, कुबट वास नाकाला येतो. त्यासाठी डिग्री लागत नाही. त्या आईला तर भिंत न बघताच कळलं होतं.

दुसऱ्याचा श्वास

आता क्षयरोगाकडे, म्हणजे टीबीकडे येते. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशात आहे. टीबी ताटातून, कपड्यातून, हात लावल्याने पसरत नाही. तो हवेतून पसरतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात टीबी वॉर्डाची हवा नळीवाटे वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनीपिग प्राण्यांपर्यंत नेली. रुग्णांशी त्यांचा काही संबंध नव्हता, संबंध फक्त हवेचा होता. तरी त्यांना टीबी झाला.

लहान मुलांपासून सहसा टीबी पसरत नाही. तो पसरतो मोठ्या मुलांपासून आणि मोठ्या माणसांपासून. पण खोली बंद असेल तर एका खोकणाऱ्यापासून किती जणांना धोका, हे खिडकी ठरवते. साधा हिशोब सांगते. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४०,००० भाग असतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो. बंद, गच्च भरलेल्या वर्गात तो २,४०० झाला, तर त्या वर्गातला दर विसावा श्वास हा कुणीतरी आधी घेऊन सोडलेला असतो. खिडक्या बंद असल्या की वर्ग तिथवर सहज पोचतो.

२०२२ साली गोवंडीत गोवराची साथ आली, ती आपण जवळून पाहिली. गोवर हा विषाणूचा आजार, पण तोही हवेतूनच जातो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो हवेत राहू शकतो. लस न मिळालेली मुलं आणि कोंडलेल्या खोल्या एकत्र आल्या की काय होतं ते तेव्हा दिसलं. त्याच गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी अभ्यास केला. एकमेकींना खेटून बांधलेल्या इमारती, ऊन-वारा न पोचणारे खालचे मजले आणि टीबी यांचा संबंध त्यांनी मांडला. तिथेही "ही माणसं अस्वच्छ राहतात" असंच बोललं जात होतं. दोष निघाला नकाशात.

दोष कुणाचा?

तथागतांनी शिकवलं की दुःख आहे, तर दुःखाला कारण आहे, आणि कारण दूर केलं की दुःख दूर होतं. वर्गातल्या खोकल्याची कारणं तीन: गर्दी, ओल आणि बंद खिडकी. यातलं एकही कारण मुलाने घरून दप्तरात घालून आणलेलं नाही.

साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना वर्गात वेगळं बसावं लागे, घरून नेलेल्या गोणपाटावर. ते गोणपाटही दुसरं कुणी उचलत नसे. आज आपली मुलं सगळ्यांच्या बरोबरीने बाकावर बसतात, हे त्यांच्या संघर्षाचं फळ आहे. पण नीट बघा. तेव्हा वर्गात बसायची जागा वेगळी होती, आता वर्गच वेगळा झाला आहे. ज्यांना परवडतं त्यांची मुलं हवेशीर शाळांत गेली. पालिकेच्या गळक्या शाळेत उरली ती आपली मुलं, मुस्लिम मोहल्ल्यातली मुलं, बाहेरगावाहून पोट भरायला आलेल्यांची मुलं. आणि मग तीच मुलं आजार आणतात, असं म्हणायला सगळे मोकळे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. वर्गातली हवा ही आईच्या स्वच्छतेची परीक्षा नाही, ती मुलाच्या शिक्षणहक्काचा भाग आहे. महाडला १९२७ साली आपण पाण्यासाठी उभे राहिलो, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता. हवेचाही प्रश्न तसाच बघा.

कायदा काय म्हणतो

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. शाळेत काय काय असलंच पाहिजे, त्याची ती यादी. तिच्यात पिण्याचं पाणी आहे, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत, खेळाचं मैदान आहे, कुंपण आहे. हवा हा शब्द तिथे सापडत नाही. पण दोन गोष्टी आहेत, त्या आपल्या कामाच्या.

एक, इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी हवी. जी इमारत जून ते सप्टेंबर गळते, जिच्या भिंतीवर बुरशी उगवते, ती सर्व ऋतूंची कशी? हा प्रश्न लेखी विचारा. दोन, पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. एका खोलीत पन्नास-साठ मुलं कोंबलेली असतील तर कायदा तिथेच मोडला.

राष्ट्रीय इमारत संहितेतही दमट-उष्ण हवामानात राहत्या खोलीच्या खिडक्या-झरोके जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश असावेत, असं सांगितलेलं आहे. वीस बाय पंचवीस फुटांची खोली धरली तर सुमारे ८३ चौरस फूट उघडी जागा लागते. चार-पाच माणसांच्या घराला एवढं लागतं, तर पन्नास मुलांच्या वर्गाला एक अर्धी खिडकी कशी पुरेल? टेप घेऊन जा आणि मोजा.

खिडकी उघडणं सोपं नसतं

"उघडा ना खिडक्या," असं लेखात लिहिणं सोपं आहे. वस्तीतली खिडकी उगीच बंद होत नाही, हे मी जाणते. बाहेर नाला असतो, मच्छर असतात. डम्पिंगचा धूर असतो. रस्त्याच्या गाड्या आणि डीजे असतो. पाऊस आत येतो. चोऱ्या होतात. बाईंनी पत्रा हौसेने ठोकलेला नव्हता.

पण यातल्या प्रत्येक अडचणीला इलाज आहे. मच्छरांसाठी जाळी, पावसासाठी बाहेर पुरेसा लांब छज्जा, चोरीसाठी गज. समोरासमोर दोन बाजूंना उघडी जागा असेल तर वारा आरपार जातो, म्हणून दाराच्या वरचा बुजवलेला झरोका उघडला तरी बराच फरक पडतो. कचरा जळत असेल तेवढा वेळ खिडकी बंद करा, धूर गेला की उघडा. आणि कचरा जाळणाऱ्याची तक्रार वेगळी करा.

यंत्रांच्या मागे लागू नका. पेरूच्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या-दारं उघडल्यावर जेवढी हवा खेळत होती, तेवढी यंत्राने हवा देणाऱ्या नव्या खोल्यांतही नव्हती. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनीही परिचारिकेच्या कामांत पहिला मान औषधाला दिला नाही, शुद्ध हवेला दिला. खिडकीला वीजबिल येत नाही आणि तिचा मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टही कुणाला द्यावा लागत नाही. कदाचित म्हणूनच तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसेल.

आणखी दोन फसवे उपाय. पहिला, ओलीवर रंग मारणं. साहेबांच्या भेटीआधी हे हमखास होतं. पू न काढता जखमेवर पट्टी बांधण्यातला हा प्रकार. वरून गळती, खालून ओल, फुटका पाइप, तुंबलेली पन्हळ हे शोधून दुरुस्त केल्याशिवाय रंग दोन महिने टिकत नाही. दुसरा, फिनेल, सुगंधी फवारा, धूप. वास झाकला जातो, ओल तशीच राहते, आणि दम्याच्या मुलाला त्या धुराचा नि फवाऱ्याचा वेगळा त्रास होतो.

आपल्याकडूनही

शाळेकडे बोट दाखवताना आपलं घरही बघू. मच्छर अगरबत्तीची कॉइल बंद खोलीत रात्रभर जळते. पावसाळ्यात ओले कपडे आत वाळतात. बिडी-सिगारेट घरातच ओढली जाते. आपल्या विहाराचं काय? पौर्णिमेला दारं-खिडक्या लावून, शंभर माणसं बसवून, मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांचे जुडगे पेटवतो. वंदना खिडकी उघडून केली तर तिचं पुण्य कमी होत नाही.

मुलाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रोज संध्याकाळी ताप, वजन घटणं, भूक मरणं यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. उपचार चालू असलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते मागून घ्या. गोवर-रुबेलाचे दोन डोस, पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, चुकवू नका. आणि डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला तर "सवय लागेल" म्हणून कपाटात ठेवू नका. पंपाने व्यसन लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडंसंच पुरतं.

मग करायचं काय?

१. शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळेत या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. कागदावर नाव आणि घरी पत्ताच नाही, असं असेल तर तिथून सुरुवात.

२. चार पालकांनी मिळून वर्ग फिरून बघा. किती मुलं, किती खिडक्या, किती उघडतात, ओल कुठे, गळती कुठे. तारखेसह फोटो काढा. पावसाळ्यातच काढा, कारण उन्हाळ्यात भिंत खोटं बोलते.

३. आधी बिनपैशाचं काम. कपाटं, तुटके बाक, जुने बॅनर खिडकीसमोरून हटवा. दर तासिकेनंतर दारं-खिडक्या सताड उघडा. खोकणाऱ्या मुलाला ओल्या भिंतीपासून लांब, खिडकीजवळ बसवा.

४. दुरुस्ती 'शाळा विकास आराखड्यात' लिहून घ्या. तो बनवणं हे समितीचं कायद्याने दिलेलं काम आहे. ठरावाची प्रत घ्या, तीच जोडून वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, पोच घ्या.

५. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारा: या शाळेच्या दुरुस्तीवर गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला, कशावर झाला? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

६. झाडलोट मुलं येण्याआधी आणि ओल्या फडक्याने व्हावी, कोरड्या झाडूने धूळ उडवून नाही. पण ते काम पगारी सफाई कामगाराचं आहे. त्याला मास्क आणि हातमोजे मिळाले पाहिजेत. हवा स्वच्छ ठेवायची म्हणून झाडू पुन्हा आपल्याच मुलींच्या हातात दिला, तर ते आपल्याला चालणार नाही.

त्या वर्गाचं काय झालं ते सांगते. कपाट दुसऱ्याच दिवशी हललं, बाईंनी आणि आम्ही मिळून हलवलं. पत्रा काढायला आणि जाळी बसवायला दोन महिने आणि तीन अर्ज लागले. छताचं काम अजून व्हायचं आहे, त्याचा ठराव झाला आहे आणि आम्ही पाठ सोडलेली नाही. मुलगा आता खिडकीजवळ बसतो. डॉक्टरांनी त्याला दमा असल्याचं सांगितलं, पंप दिला. खोकला बराच कमी आहे. पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही, कारण मागची भिंत अजून ओली आहे.

सावित्रीमाई शाळाही चालवत होत्या आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला त्याच आजाराने गेल्या. त्यांच्यासाठी शिक्षण आणि आरोग्य ही दोन खाती नव्हती. ती आपण वेगळी केली, म्हणून शाळेच्या भिंतीबद्दल दवाखाना बोलत नाही आणि मुलाच्या छातीबद्दल शाळा बोलत नाही.

आपल्या राज्यात बऱ्याच शाळांत मुलांकडून आनापान करून घेतात. डोळे मिटा, येणारा श्वास बघा, जाणारा श्वास बघा. फार चांगली गोष्ट आहे. मुलांनी श्वास बघावा. त्या श्वासात काय जातंय, ते बघण्याचं काम मात्र आपलं मोठ्यांचं आहे. येत्या पौर्णिमेआधी एकदा मुलाच्या वर्गात जाऊन या. पाच मिनिटं मागच्या बाकावर बसा आणि नाकाने श्वास घ्या.

जय भीम!